अर्धा तास चालणं आपल्याला पुरतं का?

प्रश्न : माझं वय ५४. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालतो. वजन कधी वाढलं नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरला असलेली मुलगी म्हणते, ‘बाबा, तेवढं गोऱ्यांना पुरतं, आपल्याला नाही.’ खरं आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बरंचसं खरं आहे. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१६मध्ये गोऱ्या आणि दक्षिण आशियाई, म्हणजे आपल्या उपखंडातल्या लोकांची तुलना छापली होती. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्या गोऱ्यांची साखर, इन्शुलिन, रक्तदाब जिथे होते, तिथे यायला दक्षिण आशियाईंना सुमारे २३२ मिनिटं लागत होती. पण ही एकदाच केलेली मोजणी. पुढे कुणाला हार्ट अटॅक आला, ते त्यात पाहिलेलं नाही. म्हणून २३२ हा आकडा घोकू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला १५० ते ३०० मिनिटांचा आहे. आपण त्याच्या वरच्या टोकाकडे असावं, एवढं त्यातून घ्या.

वजनाच्या काट्यावर मात्र विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे बंद होणारी लिफ्ट गाठायला धावणं, असं त्यांनीच मिश्कीलपणे लिहिलं होतं. तेव्हा टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही आपल्याकडची मर्यादा. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली बसते.

आता चालण्याबद्दल. पंधरा सेकंदांत पावलं मोजा. पंचविसाच्या खाली असतील तर ती शतपावली झाली. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, हा वेग. दर आठवड्याला रोजची पाच मिनिटं वाढवा आणि सहा दिवस चाळीस मिनिटांवर या. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता उठबस करा, दहादहाच्या दोन फेऱ्या. सोबत भिंतीला हात टेकून जोर. आपल्याकडे स्नायू मुळातच कमी आणि साखर मुख्यतः तेच वापरतात, म्हणून नुसतं चालून भागत नाही. जोर काढताना श्वास कोंडू नका, रक्तदाब झटकन चढतो.

प्रश्न : वय ५८, जन्मभर बैठं काम. आता सुरू करून काय उपयोग? आणि अमेरिकेतले अभ्यास आपल्याला कसे लागू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : उपयोग आहे. ‘एरिक’ या अभ्यासात १९८७पासून अमेरिकेतल्या चार ठिकाणची ४५ ते ६४ वयाची १५,७९२ माणसं घेतली. सहा वर्षांत जे बैठेपणा सोडून शिफारशीइतक्या व्यायामावर आले, त्यांच्यात हार्ट फेल्युअरचं (हृदय कमजोर पडून रक्त पुरेसं न ढकलण्याचं) प्रमाण बसून राहिलेल्यांपेक्षा जवळपास पाव हिश्शाने कमी दिसलं. व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकार कमी, हे काळ्या आणि गोऱ्या दोघांतही आढळलं.

दुसरी शंका रास्त आहे. एरिकमधले बहुतेक काळे लोक मिसिसिपीतल्या जॅक्सन या एकाच शहरातले. त्यामुळे दोन गटांतला फरक वंशाचा की त्या गावाच्या रस्त्यांचा, नोकऱ्यांचा, दवाखान्यांचा, हे वेगळं काढणं अवघड. वंशाच्या नावावर असलं बरंच काही खपतं. दक्षिण आशियाईंसाठी तिथे ‘मसाला’ हा वेगळा अभ्यास २०१०मध्ये सुरू झाला, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ९०६ जणांवर.

तुम्ही दहा मिनिटांपासून सुरू करा. रविवारी एकदम डोंगर चढायला जाणं, हीच नेहमीची चूक. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकारावरचं एक औषध) चालू असेल तर नाडी मंदच राहते, घड्याळाचा आकडा फसवतो. बोलण्याची कसोटी लावा. इन्शुलिन घेत असाल तर खिशात साखरेच्या पुड्या हव्यात. चालताना छातीवर दडपण आलं, जबडा किंवा हात भरून आला, तर ‘गॅस असेल’ म्हणून पुढे चालू नका. थांबा. थांबल्यावर बरं वाटलं तरी त्याच दिवशी ईसीजी काढा, आणि पाच मिनिटांत दडपण उतरलं नाही तर १०८ लावा.