झोन दाखला हातात आल्याशिवाय विसार देऊ नका

प्रश्न : ताई, नगरपरिषद हद्दीत दोन गुंठ्यांचा प्लॉट बघितला आहे. एजंट म्हणतो, "यलो झोन आहे, एनए झालंय, उद्या घर बांधा." सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. या आठवड्यात विसार मागतोय. घरी सगळे घाई करताहेत. नेमकं काय तपासू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : विसार थांबवा. आधी गट नंबर घ्या, नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जा आणि त्या गटाचा झोन दाखला (जमीन रहिवास, शेती अशा कोणत्या विभागात येते ते सांगणारा कागद) व भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातला तेवढाच तुकडा) मागा. अर्जाला ताजा सातबारा आणि मोजणी नकाशा जोडायचा, फी भरून पावती घ्यायची. एवढं काम घर घेणाऱ्यानं स्वतः करावं, एजंटवर सोडू नये.

मी एका नगरपरिषदेत २९ वर्षं रचना सहायक होते. एक शिक्षक जोडपं माझ्या टेबलाशी आलं होतं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. प्लॉट घेऊन झाला होता, बोअर मारून झालं होतं, आता बांधकाम परवानगी हवी होती. बाईंनी पर्समधून चार घड्या घातलेली भाग नकाशाची झेरॉक्स काढली. विकणाऱ्यानं "हा बघा झोन" म्हणून तीच दिली होती. झेरॉक्स काळी-पांढरी. त्यात पिवळा रहिवास विभाग आणि हिरवा शेती विभाग, दोन्ही सारखेच करडे दिसतात. मी कपाटातून मूळ विकास योजनेचा, म्हणजे कुठल्या जागेवर काय करायचं ते ठरवणाऱ्या 'डीपी'चा, नकाशा काढून त्यांच्यासमोर पसरला आणि त्यांचा गट शोधला. गटाचा पूर्वेकडचा भाग पिवळा, पश्चिमेकडचा हिरवा, आणि त्यांचा प्लॉट पश्चिमेला. बाईंनी त्या हिरव्या रंगावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. नवऱ्याच्या फंडातलं कर्ज काढून घेतलेली जागा होती ती.

म्हणून सांगते, रंगीत आणि सही-शिक्क्याचीच प्रत घ्या. नकाशाच्या कोपऱ्यातली सूची वाचा. एकच गट दोन विभागांत असू शकतो, त्यामुळे "गट यलोमध्ये आहे" एवढ्यावर भागत नाही. आपला प्लॉट गटात कुठे बसतो ते मोजणी नकाशाशी ताडून बघायचं. नियोजित डीपी रस्त्याच्या रेषाही बघा. रस्ता जागेवर दिसत नाही, तिथे ज्वारी उभी असते. पण कागदावर तो असतो, आणि तो जेवढी जागा खातो तिथे घर बांधता येत नाही.

आता "एनए झालंय" याविषयी. लोक हा शब्द सगळ्या परवानग्यांची आई असल्यासारखा वापरतात, आणि फसगत इथेच होते. एनए म्हणजे जमिनीचा वापर शेतीऐवजी दुसऱ्या कामासाठी करता येणं. महसूल अधिनियमात २०१७ साली झालेल्या बदलानंतर, मंजूर विकास योजनेतल्या रहिवास विभागासाठी वेगळी एनए परवानगी काढावी लागत नाही.  पण त्या जमिनीचे प्लॉट पाडले असतील, तर लेआउट, म्हणजे प्लॉट आणि रस्त्यांच्या आखणीचा नकाशा, मंजूर हवा. मंजूर लेआउटमध्ये रस्ते आखलेले असतात आणि जमीन ४,००० चौरस मीटर किंवा मोठी असेल तर १० टक्के खुली जागा सोडलेली असते. मंजुरीचा क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेला नकाशा विकणाऱ्याकडून मागा. तो "देतो, देतो" म्हणत राहिला तर समजून घ्या.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे ती चौदा नावं. लेआउट मंजूर असता तर प्रत्येक प्लॉटचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड वेगळं असायला हवं होतं. इथे बहुतेक अख्ख्या शेताचे हिस्से गुंठ्या-गुंठ्यानं विकलेत आणि सगळे सामाईक मालक झालेत. यालाच आपण गुंठेवारी म्हणतो. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखाली असे प्लॉट शुल्क भरून नियमित करता येतात, पण मुदतीत बसले तरच. आधी ती १ जानेवारी २००१ होती, पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. तुमचा तुकडा केव्हा पडला, हे पहिल्या खरेदीखताच्या तारखेवरून बघा. आणि "घरपट्टी लागलीय की" असं कुणी म्हणालं तर भुलू नका. घरपट्टी ही कराची नोंद आहे, तिनं बांधकाम अधिकृत होत नाही.

सगळं नीट निघालं तर पुढची वाट पूर्वीपेक्षा सोपी आहे. राज्यात मुंबई महापालिका आणि आणखी काही क्षेत्रं सोडून डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. कार्यालयात सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरनं नियमानुसार केलेला नकाशा आणि फी भरल्याची पोच हीच परवानगी धरतात. १५० ते ३०० मध्ये दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. तुमचे दोन गुंठे म्हणजे २०२ चौरस मीटर, म्हणजे तुम्ही या दुसऱ्या प्रकारात. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) १.१, म्हणजे तुमच्या जागेवर साधारण २,३९० चौरस फूट. पूर्वी जिना, बाल्कनी त्यातून वगळत. आता ते मोजले जातात, आणि त्या बदल्यात निवासी घराला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जादाचा, एफएसआय शुल्क भरून घेता येतो. शेजारच्याचं जुनं घर बघून "त्याला एवढं मिळालं" असा हिशेब करू नका, त्याचा नियम वेगळा होता.

प्रश्न : जुलै २०२१ च्या पुरात आमचं जुनं घर पाण्यात होतं. पाडून नवं बांधायचंय. जागा पूररेषेत आहे म्हणतात. परवानगी मिळेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कोणत्या रेषेत, ते आधी कळायला हवं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. दोन रेषांच्या मध्ये जागा असेल तर बांधता येतं, पण बांधकाम लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवं. नदीकाठ आणि निळ्या रेषेच्या मध्ये नवं बांधकाम होत नाही. मात्र तुमचं जुनं घर अधिकृत असेल तर जलसंपदा विभागाच्या ना-हरकत प्रमाणपत्रावर, त्याच उंचीच्या अटीनं पुनर्बांधणी होऊ शकते. म्हणून पाडण्याआधी जुन्या परवानगीचा कागद शोधा. तो सापडायच्या आत भिंतीला कुदळ लावू नका, घर पडलं की ते होतं हे सिद्ध करणं फार जड जातं. भिंतीवरची पुराची खूण जपून ठेवा, फोटो काढा, पण इंजिनिअरला पातळी मात्र विभागाकडूनच घ्यायला सांगा.

प्रश्न : वडिलांच्या जागेवर बगिचाचं आरक्षण आहे. पालिका घेतही नाही, सोडतही नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : अंतिम विकास योजना अमलात आल्याला १० वर्षं झाली असतील तर १९६६ च्या नगररचना अधिनियमातल्या कलम १२७ खाली नोटीस द्या. मालकीचे सगळे कागद जोडायला हवेत, नाहीतर नोटीसच अपुरी ठरते. नोटिशीपासून २४ महिन्यांत (पूर्वी १२ होते) जागा घेतली नाही किंवा घ्यायची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. वडिलांची नाव-नोंद, वारस नोंद आधी सरळ करून घ्या. नोटिसा इथेच अडकलेल्या मी पाहिल्यात. आणि टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) घेऊन जागा देण्याचा पर्यायही विचारून ठेवा, लहान जागेला कधी तोच बरा पडतो.

प्रश्न : परवानगी मिळाली. आता कार्यालयात पुन्हा जायचं काम उरलं का?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : उरलंय. परवानगी एक वर्षाची, त्यात काम सुरू झालं नाही तर नूतनीकरण करा. जोतं बांधून झालं की भिंती उभ्या करण्याआधी जोते तपासणी दाखला घ्या. जोतं चार बोटं समासात (घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत) सरकलं असेल तर त्याच वेळी सुधारता येतं. आणि राहायला जाण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायची परवानगी, घ्या. मांडव घालून वास्तुशांत होते, पाहुणे जेवून जातात, आणि हा एक कागद राहतो तो राहतोच; वीस वर्षांनी मुलगा घर विकायला निघतो तेव्हा त्याची आठवण होते.