‘तेव्हापासून’ या शब्दापाशी थांब

प्रिय डॉक्टर,

रविवारी फोनवर तू त्या मुलीबद्दल सांगत होतीस, तेवढ्यात तुझ्याकडे पेशंट आला आणि बोलणं अर्धवट राहिलं. विषय फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून पत्र लिहितोय.

मे महिन्यात लग्नाचं जेवण झालं, दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आणि मुरडून जुलाब, दोन दिवस सलाइन, आठवडाभरानं ती उठून फिरू लागली. त्याला आता आठ महिने झाले. सकाळी तीन-चारदा जावं लागतं, जेवण झालं की कळ येते, जाऊन आलं की जरा बरं वाटतं, पण पोट साफ झाल्यासारखं वाटतच नाही. तीन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, स्टूलचा रिपोर्ट नॉर्मल. आणि तू मला विचारलंस, ‘सर, सगळं नॉर्मल आहे, मग हिला नक्की झालंय काय?’

अगं, तिनं तुला ते सांगितलंय. ‘तेव्हापासून माझं पोट पूर्वीसारखं राहिलंच नाही’ हे तिचंच वाक्य तू मला फोनवर ऐकवलंस. यातल्या ‘तेव्हापासून’ या शब्दात निम्मं निदान आहे. आतड्याच्या संसर्गानंतर मागे राहणाऱ्या या दुखण्याला पोस्ट-इन्फेक्शस इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (थोडक्यात आयबीएस) म्हणतात. जंतू निघून जातात, पण आतडं पहिल्यासारखं वागत नाही.

हे काही कालपरवा कळलेलं नाही. ऑक्सफर्डमध्ये चौधरी आणि ट्रूलव्ह यांनी १९६२ साली अशा १३० रुग्णांचा अभ्यास छापला, त्यातल्या सुमारे पाव रुग्णांचा त्रास आमांशानंतर सुरू झाला होता. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या वैद्यांनी लिहून ठेवलं होतं की अतिसार थांबला तरी अग्नी मंद असताना पथ्य मोडलं, तर ग्रहणी, म्हणजे अन्न धरून पचवणारा आतड्याचा भाग, बिघडते. ग्रहणीचा विकार म्हणजेच आयबीएस असं मी म्हणणार नाही, त्या शब्दात बरंच काही सामावलेलं आहे. पण खेड्यातली म्हातारी ‘जुलाबानंतर संग्रहणी लागली’ म्हणते, तेव्हा तीही ‘तेव्हापासून’च म्हणत असते.

तुला शंका येईल की लोक कुठल्याही आजाराचा संबंध कुठल्याही जेवणाशी जोडतात. रास्त शंका आहे. म्हणून तुला वॉकर्टनबद्दल सांगतो.

कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातलं हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये तिथं धो धो पाऊस झाला आणि शेतातलं गुरांचं शेण वाहून गावाला पाणी पुरवणाऱ्या एका उथळ विहिरीत उतरलं. क्लोरीन पुरेसं नव्हतं, नोंदी मात्र व्यवस्थित असल्याच्या लिहिल्या जात होत्या. पाण्यातून ई. कोलाय ओ१५७ आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू घरोघरी पोचले. सुमारे २३०० माणसं आजारी पडली, सात दगावली. पुढे संशोधकांनी दोन हजारांवर लोकांचा पाठपुरावा केला. ज्यांना तेव्हा गॅस्ट्रो झाल्याचं वैद्यकीय निकषांवर धरलं गेलं होतं, त्यांच्यातल्या ३६ टक्के लोकांमध्ये दोन-तीन वर्षांनी आयबीएसची लक्षणं होती. ज्यांना त्या वेळी काहीच झालं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण १० टक्के होतं. गाव एक, पाणी एक, हवामान एक. फरक एवढाच, की एका गटाचं आतडं त्या मे महिन्यात होरपळून निघालं होतं.

याच अभ्यासातला दुसरा आकडा त्या मुलीला आवर्जून सांग. पुढे आठ वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्या सगळ्यांत मिळून सुमारे २८ टक्के लोकांना दोन-तीन वर्षांनी त्रास होता, आठ वर्षांनी तो १५ टक्क्यांवर आला. म्हणजे निम्म्याच्या आसपास लोक हळूहळू सुटले. मी हे पेशंटला सांगतो तेव्हा काही जण आठ वर्षं ऐकून घाबरतात, म्हणून आकडा कसा सांगायचा तेही जप. ‘हे बरं व्हायच्या दिशेनं जाणारं दुखणं आहे, फक्त सावकाश जातं’ असं सांगितलं तर माणूस समजून घेतो.

वॉकर्टनचं प्रमाण मोठं होतं, कारण तो उद्रेकच भयंकर होता. एरवी जगभरचे अभ्यास एकत्र केले तर आतड्याच्या संसर्गातून उठलेल्या दहा माणसांत साधारण एकाला हे होतं. जुलाब जितके दिवस लांबले, ताप आणि रक्त जितकं पडलं, तितकी शक्यता वाढते. बायकांमध्ये जास्त दिसतं, तरुण वयात जास्त दिसतं. म्हणून ‘तेव्हा किती दिवस चाललं होतं?’ हा प्रश्न विचारत जा. खाल्ल्यावर दोन-चार तासांत भडाभडा उलट्या होऊन दिवसभरात थांबलेली विषबाधा बहुतेक वेळा जंतूंनी अन्नात आधीच सोडलेल्या विषाची असते. आठवडाभर ताप आणि आव पडणं म्हणजे आतड्याच्या अस्तरालाच जखम.

आणि ही जखम दिसते, फक्त सोनोग्राफीत दिसत नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला स्पिलर यांच्या गटानं कॅम्पिलोबॅक्टरच्या रुग्णांच्या बायोप्सी पुन्हा पुन्हा घेतल्या. ज्यांचं पोट बरं झालं नाही, त्यांच्या अस्तरात वर्षानंतरही दाहाच्या पेशी आणि सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशी जास्त होत्या. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच तयार होतं आणि आतड्याची हालचाल आणि संवेदना त्यावर चालते, हे तुला मी शिकवलंय. त्या पेशी वाढल्या की साधा घासभर भातही आतड्याला फटका मारल्यासारखा वाटू शकतो.

मला सगळ्यात जास्त पटलेलं काम बेल्जियममधल्या लुव्हेनचं आहे, २०२१ चं. त्यांनी उंदरांना आतड्याचा संसर्ग दिला आणि त्याच काळात अंड्यातलं प्रथिन खाऊ घातलं. संसर्ग बरा झाल्यावर फक्त ते प्रथिन दिलं तरी उंदरांना जुलाब आणि पोटदुखी होऊ लागली. संसर्गाच्या धामधुमीत आतड्यानं निरुपद्रवी अन्नालाही शत्रूंच्या यादीत टाकलं होतं. ही अ‍ॅलर्जी आतड्यापुरती, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. नंतर त्यांनी आयबीएसच्या १२ रुग्णांच्या आतड्याच्या भिंतीत गहू, दूध, सोया, ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) टोचून पाहिलं, तर बाराही जणांत निदान एका पदार्थाला तरी प्रतिक्रिया उमटली. पेशंट ‘पूर्वी पोळी चालायची, आता चालत नाही’ म्हणतो, तेव्हा आपण मनात हसतो ना? हसू नये.

मी हसलो होतो. प्रॅक्टिस सुरू करून सहा-सात वर्षं झाली असतील. एसटीतले एक कंडक्टर यायचे. बाहेरगावी ड्यूटीवर असताना खाल्लेल्या जेवणानं आजारी पडले आणि तेव्हापासून पोट बिघडलेलं. मी तपासण्या केल्या, काही निघालं नाही, आणि त्यांना म्हणालो, ‘तुम्ही फार विचार करता.’ चिंतेची गोळी लिहून दिली. पुढच्या वेळी ते आलेच नाहीत. दोन वर्षांनी बाजारात भेटले तेव्हा कळलं, लांबच्या गाड्या सोडून त्यांनी डेपोत टेबलाचं काम मागून घेतलं होतं. ते मला शांतपणे म्हणाले, ‘डॉक्टर, मला त्या रूटवरच्या प्रत्येक स्टँडचा संडास पाठ होता. दोन स्टँडांच्या मधलं अंतर मला मोजता येत नव्हतं.’ मी त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी अशा प्रत्येक पेशंटला विचारतो, की यामुळे तुम्ही काय करायचं सोडलंत? तूही विचार. ती मुलगी कॉलेजला कशानं जाते, परीक्षेला सकाळी जेवून जाते की उपाशी, एवढं विचारलंस तरी पुष्कळ बाहेर येईल.

मनाचा संबंध नाही असं मात्र म्हणू नकोस. आधीच चिंतेत असलेल्या माणसाला संसर्गानंतर हे होण्याची शक्यता जास्त असते, आणि आतडं रोज त्रास देत असेल तर निरोगी मनही चिंतेला लागतं. हे सगळं सांगावं, पण ‘सगळं मनाचं आहे’ हे वाक्य तुझ्या तोंडून मला कधी ऐकायला मिळू नये.

आता सावधगिरी. नाव देण्याची घाई करू नकोस, विशेषतः आपल्या भागात. वजन उतरतंय, संध्याकाळी ताप येतो, रात्री झोपेतून उठून जावं लागतं, शौचात रक्त आहे, हिमोग्लोबिन कमी आहे, यातलं एकही असेल तर आतड्याचा टीबी, क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस (हे दोन्ही आतड्याच्या दीर्घ दाहाचे आजार) यांचा विचार आधी. साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारी), फिकल कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या दाहासाठी शौचाची तपासणी), सीलिअ‍ॅकसाठी (ग्लूटेननं आतडं बिघडतं तो आजार) टीटीजी ही रक्ततपासणी आणि जिआर्डिया या परजीवीसाठी स्टूल पुन्हा एकदा, कारण जिआर्डिया एका नमुन्यात हुलकावणी देतो. ते साफ आलं की थांब. दर दोन महिन्यांनी नवीन तपासणी लिहिली तर पेशंटला वाटतं डॉक्टरला अजून काहीतरी सापडायचंय.

खाण्याबद्दल. जुलाबानंतर दूध पचवणारं लॅक्टेज काही आठवडे कमी पडतं, क्वचित जास्त दिवस. सकाळच्या दुधाच्या चहाची चौकशी कर, आधी तोच बदलून पाहा. दही-ताक बहुतेकांना चालतं. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, फ्लॉवर चार ते सहा आठवडे बंद ठेवून पाहा. त्या काळात ज्वारीची भाकरी, भात, थोडी मूगडाळ, फोडणीला हिंग. मग एकेक पदार्थ परत आण, आणि हे परत आणणं विसरू नकोस. वर्षानुवर्षं मऊ भातावर जगणारे, खंगलेले पेशंट मी पाहिलेत, त्यांना कुणीतरी बंद करायला सांगितलं आणि सुरू करायला कुणी सांगितलंच नाही. इसबगोल कमी मात्रेनं सुरू कर, नाहीतर पहिल्याच रात्री पोट फुगून ती सोडून देईल. रात्री अमिट्रिप्टिलिन (मूळचं नैराश्यावरचं औषध) १० मिलिग्रॅमचाही विचार कर. इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या पेशंटांवर झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसलाय. देताना मात्र स्पष्ट सांग की हे आतड्याच्या नसांसाठी आहे, नाहीतर ती घरी जाऊन नाव शोधेल आणि तिला वाटेल तूही तिला वेडी समजलीस.

एक विनंती मात्र आग्रहानं. तुझ्याकडे ताजे जुलाब घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला नॉरफ्लॉक्स-टिनिडाझोल या अँटिबायोटिकची पट्टी देऊ नकोस. ज्यांना संसर्गाच्या वेळी अँटिबायोटिक दिलं गेलं होतं, त्यांच्यात नंतरचा आयबीएस जास्त आढळलाय. त्यातले काही मुळात जास्त आजारी असतीलही, पण बहुतेक जुलाबांना ओआरएस, झोप आणि दोन दिवस लागतात. तापाबरोबर रक्त असेल, किंवा पेशंट खूप म्हातारा वा अशक्त असेल, तर गोष्ट वेगळी.

तिला पुढच्या आठवड्यात परत बोलाव, दुपारची वेळ दे, गर्दी नसेल अशी. पंधरा मिनिटं लागतील. रिपोर्ट आले की मला कळव, आणि रात्रीची झोपमोड होते का ते विचारायचं राहिलं असेल तर तेही विचारून ठेव. दहापर्यंत मी जागा असतो.

तुझे सर