‘नदीत सांडपाणी सोडणं थांबवण्यासाठी योग्य पावलं उचला’, एवढाच हायकोर्टाचा आदेश आहे. नगरपालिका ढिम्म आहे. अवमान याचिका टिकेल का?

बहुधा नाही, आधी त्याच कोर्टात अर्ज करून आदेश स्पष्ट करून घ्या. १९७१ च्या अवमान कायद्याच्या कलम २(ब) नुसार आज्ञाभंग हेतुपुरस्सर असावा लागतो आणि ‘योग्य पावलं’ म्हणजे नेमकी कोणती, हेच ठरलेलं नसेल तर हेतू सिद्ध करणं फार कठीण. झारेश्वर प्रसाद पॉल प्रकरणात (२००२) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अवमानाचं कोर्ट मूळ आदेशापलीकडे जाऊ शकत नाही. संदिग्धता असेल तर आदेश देणाऱ्या कोर्टाकडेच जावं. अर्जात नेमकं मागा: कोणता नाला, कोणत्या तारखेपर्यंत, जबाबदार अधिकारी कोण, अहवाल कधी. मात्र आदेशात एखादी तारीख किंवा स्पष्ट मनाई असेल, तर तेवढ्यापुरती अवमान याचिका आताही करता येते. अवमान याचिका करण्यासाठी याच कायद्याच्या कलम २० ने दिलेली एक वर्षाची मुदत तेवढी हातची घालवू नका.