इंदिरानगरचा फ्लॅट विकू का, असं विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून गेला नाही. तुम्हाला इथं जर्मनीत, न्यूरेंबर्गला नोकरी मिळाली आहे, मुलगा पहिलीत आहे, नाशिकमधल्या इंदिरानगरच्या टू बीएचकेचं कर्ज अजून फिटायचंय. तो विकून इथं घर घ्यावं की भाड्यानं राहावं? आणि जर्मन लोकांना भाड्यानं राहणं खरंच आवडतं, की परवडत नाही म्हणून तसं म्हणतात? व्हिसा, ब्लू कार्ड, विमा यांवर मी लिहीत नाही, ते वकिलातीच्या साइटवर नीट दिलेलं आहे. घराचं लिहिते, कारण त्यात माझं स्वतःचं काहीतरी अडकून राहिलंय.

माझे आजोबा जन्मभर बिऱ्हाडकरू. जुन्या नाशकात, रविवार कारंजाच्या मागे एका वाड्यात दोन खोल्या. भाडं इतकं कमी की मालकाला ते घ्यायला माणूस पाठवणं परवडत नसे. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठवलेली, त्यामुळे आजोबांना कुणी उठवू शकत नव्हतं आणि मालक दुरुस्तीला एक रुपया लावत नव्हता. आजोबांना ते बिऱ्हाड मनापासून आवडायचं. सिडकोत अर्ज कर म्हणून बाबा मागे लागायचे तर म्हणायचे, मला इथं काय कमी आहे? पुढे एका पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि सगळी बिऱ्हाडं आठवड्यात पांगली.

बाबा मायको कारखान्यात होते. त्यांच्या मनात वाड्यातली एकच गोष्ट सलत राहिली होती. हातोडीचा आवाज झाला की मालकीणबाई जिन्यात येऊन उभ्या राहायच्या. सिडकोतलं घर ताब्यात मिळालं त्या संध्याकाळी बाबांनी हॉलच्या भिंतीवर ओळीनं चार खिळे ठोकले. टांगायला काहीच नव्हतं.

अशा घरातून मी २०१५ मध्ये नवऱ्याबरोबर आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन इथं आले. सुरुवातीचे कागद म्हणजे नुसता फेरा. घर हवं तर तीन पगारपत्रकं आणि शूफाचा दाखला, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास. नव्या माणसाचा कसला इतिहास? बरं, घर नाही तर पत्त्याची नोंदणी नाही, नोंदणी नाही तर कर क्रमांक नाही. बावीस घरं पाहिल्यावर एक मिळालं. किल्ली घेऊन आत गेलो तर स्वयंपाकघराच्या जागी रिकामी खोली. भिंतीतून पाण्याचे दोन नळ बाहेर आलेले, छतातून एक वायर लोंबत होती. आधीचा भाडेकरू ओटा घेऊन गेला होता. हो, इथं बरेच लोक ओटा, सिंक, कपाटं सगळं उचलून नेतात. मी त्या दिवशी जमिनीवर बसून रडले होते. ओटा हलतो हे मला माहीतच नव्हतं.

पण ते घर मला आवडायला लागलं, आणि इथं तुमच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. नाशिकसारखा अकरा महिन्यांचा करार नाही, करार बेमुदत. दर वर्षी दलालाला पैसे नाहीत, आम्ही काय खातो याची चौकशी नाही. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या कोऱ्या भाड्याइतकं, म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च वगळून, तेही तीन हप्त्यांत देता येतं. मालक मनात आलं म्हणून भाडं वाढवू शकत नाही. तीन वर्षांत २० टक्के ही कमाल मर्यादा, आणि जिथं घरांची टंचाई जाहीर झाली आहे तिथं १५. आणि खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही! मी भिंतीत दोन भोकं पाडून देवघर बसवलं आणि त्याचा फोटो बाबांना पाठवला.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, १९७९ पासून त्याच घरात. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात इथलं जुनं शहर जवळपास सगळं जमीनदोस्त झालं, आणि युद्धानंतर सरकारी मदतीनं भाड्याच्या घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. आजींचं बालपण तसल्याच एका घरात गेलं. देशात आजही निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात. मी विचारलं, कधी घ्यावंसं नाही वाटलं? त्या म्हणाल्या, हीटर बिघडला तर फोन मी करते आणि धावतो मालक, मला कशाला ती कटकट? पैसा त्यांनी मुलांच्या शिक्षणाला आणि फिरायला लावला. त्या खरं बोलत होत्या. तेव्हा हो, खरंच पसंत करणारे लोक आहेत. फक्त आजींचं भाडं जुन्या कराराचं आहे. आज त्याच इमारतीत नव्यानं येणारा त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त देतो. मला त्यांच्या जागी आजोबाच दिसतात. कुणी उठवणार नाही ही खात्री असली की भाड्याचं घर आवडतं. ती खात्री गेली की तेच घर परकं होतं.

आमची गेली मार्च २०२२ मध्ये. मालकाचं पत्र आलं: मुलाला राहायला घर हवं आहे. याला आयगेनबेडार्फ म्हणतात, स्वतःची गरज. नियमानं वागणाऱ्या भाडेकरूलाही मालक या कारणानं उठवू शकतो. पाच वर्षांहून जास्त राहिलात तर सहा महिन्यांची मुदत, आठ वर्षांपुढे नऊ. आमची सहा वर्षं झाली होती.

भाडेकरू संघाच्या वकीलबाईंनी सांगितलं, मुलीच्या शाळेचं कारण देऊन हरकत घेता येईल, यश येईलच असं नाही, पण वेळ मिळू शकतो. आम्ही घेतली नाही. परक्या देशात मालकाशी कुठे भांडायचं, असं मीच म्हणाले. नवरा तयार होता. हे मी आजपर्यंत कुणाला लिहून सांगितलेलं नाही.

ऑगस्टमध्ये यू-बानची, म्हणजे भुयारी रेल्वेची, दोन स्टेशनं पलीकडे घर मिळालं. दोनच स्टेशनं, पण प्राथमिक शाळेचा विभाग बदलला. इथं पहिली ते चौथी पत्त्याप्रमाणे ठरलेली शाळा असते. जुन्या शाळेतच ठेवा म्हणून अर्ज केला, तो एका ओळीच्या पत्रानं फेटाळला गेला. माझी मुलगी चौथीला नव्या वर्गात गेली, आणि बवेरियात, म्हणजे आपल्या या राज्यात, चौथी म्हणजे सगळं काही. मे महिन्यात जो दाखला मिळतो त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशुले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. इथं १ हा सर्वांत चांगला गुण. तिला मिळाले ३, २, ३. म्हणजे २.६६. तिसरीपर्यंत जर्मनमध्ये २ असायचे. नव्या बाईंना ती गप्प मुलगी वाटली. ती गप्प नव्हती हो, तिच्या मैत्रिणी दोन स्टेशनं मागे राहिल्या होत्या. तीन दिवसांच्या चाचणी वर्गाला बसून गिम्नाझियम मिळवता येतं, पण ती नाही म्हणाली आणि मी जोर केला नाही.

आता ती सातवीत आहे, छान शिकते आहे. रेआलशुलेनंतरही पुढे विद्यापीठापर्यंत जाता येतं, हे मला सगळे समजावतात. मलाही माहीत आहे. तरी तो एक आकडा अजून मनात सलतो.

घर सोडायच्या आदल्या रात्री मी भिंतीतली भोकं पुट्टीनं बुजवत होते. सकाळी मालकाचा माणूस टॉर्च घेऊन आला, एकेका भिंतीवर तिरका उजेड पाडून बघत होता. देवघराची दोन भोकं तेवढी त्याला सापडली, रंग जरा वेगळा दिसत होता. त्यानं यादीत लिहून घेतलं. ओटा आम्ही नेला, पण नव्या खोलीत तो बारा सेंटिमीटर लांब निघाला. कापावा लागला.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. पहिले दोन हिवाळे जड जातात, मग माणसं मिळतात, गणपती होतो, दिवाळीचा फराळ होतो. त्याची काळजी करू नका.

आता तुमच्या फ्लॅटचं. घाईत विकून इथं घर घेऊ नका. बवेरियात खरेदीवर साडेतीन टक्के कर, नोटरी आणि नोंदणीचे दीड-दोन टक्के, दलाल असेल तर बहुधा आणखी साडेतीनच्या आसपास. नोकरी, शहर, भाषा यांतलं काहीच पक्कं नसताना एवढा पैसा घालवायचा नाही, निदान तीन वर्षं तरी. तुमचा फ्लॅट भाड्यानं देणार असाल तर अनिवासी मालकाच्या भाड्यातून भाडेकरूला ३१.२ टक्के टीडीएस कापावा लागतो. नाशकात हे बहुतेकांना ठाऊक नसतं आणि कळलं की चांगला भाडेकरू पळतो, म्हणून आधीच सांगा. परतावा विवरणपत्र भरून मागता येतो. मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच नाशकातच करून घ्या. इथून केलं तर वकिलातीत खेप, मग भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक. आमचा पाथर्डी फाट्याचा फ्लॅट कुलूपबंद आहे. भाऊ महिन्यातून एकदा जाऊन नळ सोडून येतो. सिंहस्थाआधी चांगला भाव येईल, विकून टाक म्हणतो. मला विकवत नाही, आणि तिथं राहायला कधी जाईन हेही सांगता येत नाही.

इथलं घर शोधताना भाडं आणि बाल्कनी नंतर बघा. मालक व्यक्ती आहे की संस्था, हे आधी विचारा. गृहनिर्माण सहकारी संस्थेला, म्हणजे गेनोसेनशाफ्टला, स्वतःची गरज दाखवून उठवता येत नाही. संस्थेचे भाग (शेअर) विकत घ्यायचे, सभासद व्हायचं आणि राहायचं. प्रतीक्षायादी मोठी असते, म्हणून आल्याच्या पहिल्या आठवड्यात नाव घाला. व्यक्तीचंच घर मिळालं तर मालकाची मुलं केवढी आहेत हे गप्पांत काढून घ्या, आणि काही वर्षं आयगेनबेडार्फ लावणार नाही असं करारात लिहून मागा. नाही म्हणाले तर निदान कळेल तरी.

तुमचा मुलगा पहिलीत आहे, म्हणजे चौथीचा दाखला मिळायला तीन वर्षं आहेत. जे घर घ्याल ते त्या दाखल्यापर्यंत टिकेल असं बघा, आणि सही करण्याआधी करार मला पाठवा, मी वाचून देते.