आधी समोरच्याची चाल वाच

प्रिय खेळाडूस,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले बुद्धिबळाचे डाव पट मांडून खेळून पाहिले. रेटिंग सहाशेवर अडकलंय म्हणून तू ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, व्हिडिओ पाहतेस, ते सध्या बंद कर. मध्यभागी प्यादं, घोडे-उंट बाहेर, कॅसलिंग करून राजा हत्तीच्या आडोशाला, एवढं तुला येतं आणि सध्या तेवढं पुरे. तुझे बहुतेक डाव गेलेत ते मोहरं फुकट दिल्याने.

पहिलाच डाव बघ. त्याने राजापुढचं प्यादं ई४ घरात ठेवलं, तू तुझं ई५ला. त्याचा उंट सी४ला, तुझा घोडा सी६ला. मग त्याचा वजीर थेट एच५वर आला. तू लगेच दुसरा घोडा एफ६वर काढलास, वजिरावर हल्ला म्हणून. त्याने एफ७चं प्यादं मारलं आणि मात! त्या प्याद्याला सुरुवातीला राजाशिवाय कुणाचाच जोर नसतो आणि त्याच्या उंट, वजीर दोघांचाही नेम तिथेच होता. प्यादं जी६वर ढकललं असतंस तर वजिरालाच पळावं लागलं असतं. तो एफ३वर जाऊन पुन्हा एफ७वर टपला, की मग घोडा एफ६. चाल तुझीच, फक्त एक खेळी थांबून.

म्हणून समोरच्याने मोहरं ठेवलं की आधी विचार, हे इथे का आलं? त्याला आता शह देता येतो का, काही मारता येतं का? मग स्वतःची चाल ठरव, आणि खेळण्यापूर्वी तोच प्रश्न त्या चालीला पुन्हा लाव. कंटाळवाणं वाटेल, तरी कर. २००६ साली बॉनमध्ये डीप फ्रिट्झ या प्रोग्रॅमविरुद्ध खेळताना जगज्जेत्या क्रॅमनिकला एका चालीतली मात दिसली नव्हती. इतक्या मोठ्या खेळाडूचीही नजर चुकते, तर आपण दर चालीला तपासायलाच हवं.

तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये हे जमणार नाही. पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जादा, असे डाव खेळ. दिवसाला एक झाला तरी चालेल. कोडी सोपीच घे, एक-दोन चालींची. पण समोरच्याचं उत्तर दिसल्याशिवाय मोहऱ्याला हात लावायचा नाही. अधूनमधून हत्ती आणि राजाने एकट्या राजाला मात करायचा सराव ठेव, जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो तेव्हा फार लागतं मनाला.

आणि रेटिंगचा आकडा रोज बघू नकोस. रेटिंगने दोनशेनी वरचढ खेळाडूसुद्धा शंभर डावांत साधारण चोवीस गुण समोरच्याला देऊन बसतो, असं रेटिंग काढायच्या एलो पद्धतीचं गणितच सांगतं. दोन-चार डाव हरल्याने तुझा खेळ बिघडला असं होत नाही.

पुढचा डाव हरलीस की चुका दाखवणारं इंजिन (संगणक प्रोग्रॅम) लावायच्या आधी एकटीने पहिल्यापासून बघ. जिथे गडबड झाली असं वाटेल त्या चालीपुढे खूण कर, तेव्हा मनात काय होतं ते दोन ओळींत लिही आणि मला पाठव.

तुझा,
सर