पाटीवरचा 'यी'

प्रश्न : लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर 'यी ओल्ड चेशर चीज' अशी पबची पाटी पाहिली. हा 'यी' म्हणजे काय?

उत्तर : साधा 'द'. उच्चारही 'द'च. 'यी' ही नंतर पाट्या वाचणाऱ्यांची करामत! जुन्या इंग्रजीत 'थ', 'द' या उच्चारांसाठी थॉर्न नावाचं वेगळं अक्षर होतं. हाताने लिहिता लिहिता त्याचं गोल पोट वरून उघडं पडत गेलं आणि ते थेट 'वाय'सारखं दिसू लागलं. १४७६ मध्ये इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला, पण युरोपातून आलेल्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत, थॉर्न नव्हतंच. माझी उमेदवारी खिळे जुळवण्यात गेली, त्यामुळे पुढचं मला सांगायलाच नको. पेटीतलं एखाद्या अक्षराचं घर रिकामं असलं की कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, त्याच्या जवळचा दिसणारा खिळा उचलतो. इथे 'वाय' उचलला, डोक्यावर बारीक 'ई' बसवला. १६११ च्या इंग्रजी बायबलातही असे नमुने आहेत.

'हिअर यी' ('ऐका हो') अशी दवंडी देतात, त्यातला 'यी' मात्र अस्सल. अर्थ 'तुम्ही', तोही अनेकांना उद्देशून. एकट्याला 'दाऊ'. आणि आजच्या पाट्यांवर 'ओल्ड'ला चिकटवलेला शेपटाचा 'ई'? निव्वळ नटवेपणा.