तेलाचे साठे वाढले, मग डिझेल का उतरत नाही?

प्रश्न : ताई, माझे तीन ट्रक आहेत. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं कास्टिंग चाकणला पोचवतो. 'अमेरिकेत साठे वाढले, कच्चं तेल घसरलं' अशा बातम्या ऐकतो, पण पंपावर दर जिथल्या तिथे. या साठ्यांकडे आम्ही लक्ष द्यावं का? कंपनी वर्षभराचं भाडं एकाच दरानं बांधून मागतेय. द्यावं का?
— एक ट्रकमालक, नागाव

उत्तर : दादा, साठ्यांकडे लक्ष द्याच. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानाचा हिशेब मी बरीच वर्षं लिहिला. तिथं भावाचा अंदाज तीन आकड्यांवर बांधत : आवक किती, उठाव किती, कोल्ड स्टोरेजला शिल्लक किती. तेलाचं गणित हेच आहे. जगाचा उठाव दिवसाला दहा कोटी बॅरलच्या वर, आणि एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. आवकेत आज अमेरिका पहिली, दिवसाला सुमारे १ कोटी ३० लाख बॅरल कच्चं तेल. मागोमाग रशिया आणि सौदी अरेबिया. आवक आणि उठाव यांत फरक पडला की तो शिल्लकीत दिसतो. म्हणून अमेरिकेचा दर आठवड्याचा साठ्याचा आकडा आला की बाजार हलतो.

शिल्लक किती जोर करते ते २०२०च्या एप्रिलमध्ये दिसलं. लॉकडाउनमुळे उठाव बसला, विहिरी एका दिवसात बंद करता येत नाहीत, आणि अमेरिकी तेलाच्या सौद्यांचा माल जिथं उचलतात त्या ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंगच्या टाक्या भरत आल्या. मे महिन्यात माल उचलायचा सौदा ज्यांच्या हातात होता त्यांना माल उचलणं भाग होतं आणि ठेवायला जागा नव्हती. २० एप्रिलला त्या सौद्याचा भाव बॅरलला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. घेणाऱ्यालाच वर पैसे द्यायची पाळी! त्या दिवसांत व्यापाऱ्यांनी टँकर जहाजं भाड्यानं घेऊन समुद्रात तेल साठवलं.

सगळे देश आपली शिल्लक सांगत नाहीत. चीनचे साठे लोक उपग्रहाच्या फोटोंवरून मोजतात. कच्च्या तेलाच्या बऱ्याच मोठ्या टाक्यांचं झाकण तेलावरच तरंगतं. तेल उपसलं की झाकण खाली जातं आणि टाकीच्या काठाची आतली सावली लांबते. त्या सावलीवरून तेल किती ते काढतात. मला ही युक्ती फार आवडते.

आता पंपाचं. आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, तरी पंपावरचा दर एकट्या कच्च्या तेलावर ठरत नाही. रुपया-डॉलर आहे, केंद्राचं उत्पादन शुल्क आहे, राज्याचा व्हॅट आहे. मे २०२० मध्ये तेल मातीमोल असताना केंद्रानं डिझेलवर लिटरला १३ रुपये शुल्क वाढवलं. उतार तिथंच जिरला. त्याच वेळी सरकारनं एक शहाणपणाचं काम केलं : विशाखापट्टणम, मंगळुरू आणि उडुपीजवळचं पादूर इथल्या खडकात खोदलेल्या गुहा स्वस्त तेलानं भरून घेतल्या. तिन्हींची क्षमता मिळून ५३.३ लाख टन, म्हणजे देशाची साडेनऊ दिवसांची गरज. तेल कंपन्यांचे साठे वेगळे आहेत, तरी एवढ्या मोठ्या देशाला ही राखीव शिल्लक मला अपुरी वाटते. पादूर वाढवायला आणि ओडिशात चंडीखोलला नवा साठा करायला २०२१ मध्ये मंजुरी मिळाली आहे. ते काम लवकर व्हायला हवं.

भाडं मात्र एकाच दरानं बांधू नका. सहीच्या दिवशीचा तुमच्या पंपावरचा डिझेल दर करारात लिहून घ्या. त्यावर दोन रुपये चढले तर भाडं किती वाढेल, उतरले तर किती कमी होईल, दोन्ही लिहा. एकतर्फी अट कंपनी मानणार नाही. बोलायला जाताना गाडी भरलेली असताना आणि रिकामी परतताना किती ॲव्हरेज देते, ते आकडे कागदावर घेऊन जा.